कपाळावरच्या पुळ्या जातात आणि पुन्हा येतात: आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी काय काय तपासायचं

तक्रार साधारण अशी असते. मुलगी पाचवीत, वय दहा-साडेदहा. कपाळावर बारीक दाणे, हात फिरवला की खरखरीत लागतात. नाकाच्या शेंड्यावर काळे ठिपके. मधूनच एखादी लाल पुळी फुगते, आठवड्याभरात बसते, तोवर शेजारी दुसरी तयार. फेसवॉश बदलून झाला, बेसन-दही झालं, शेजारणीने सांगितलेलं क्रीम झालं. क्रीमने चार दिवस चेहरा तुकतुकीत झाला आणि मग आधीपेक्षा जास्त उठलं. आमच्या मेडिकलच्या काउंटरवर शाळा सुरू झाल्यावर आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात अशा आया हमखास येतात. पहिलं वाक्य ठरलेलं: "ताई, अजून पाळीसुद्धा आली नाही हिला, मग आत्ताच कसे पिंपल्स?"

आत्ताच येतात, आणि बहुतेक वेळा त्यात काही वावगं नसतं. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अॅड्रिनल ग्रंथी साधारण सहा ते आठ वर्षांच्या सुमाराला जास्त जोमाने कामाला लागतात. त्यांच्या संप्रेरकांमुळे चेहऱ्यावरच्या तेलग्रंथी जाग्या होतात. हे सगळं पाळी येण्याच्या, आवाज फुटण्याच्या बरंच आधी घडतं. त्यामुळे कपाळ, नाक आणि हनुवटीवरचे हे दाणे म्हणजे कित्येकदा वयात येण्याची पहिलीच खूण असते. मुलग्यांनाही येतात, फक्त त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

मात्र वय मोजून घ्या. सात वर्षांच्या आतल्या मुलाला असे मुरुम आले, किंवा मुलीला आठच्या आधी आणि मुलाला नऊच्या आधी वयात येण्याची इतर लक्षणं दिसायला लागली (छातीची वाढ, काखेत किंवा जांघेत केस, मोठ्या माणसासारखा घामाचा वास, एकदम वाढलेली उंची), तर क्रीम शोधू नका. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. गोष्ट त्वचेपुरती नसू शकते.

पुन्हा पुन्हा का येतात

आज दिसलेली पुळी आज सुरू झालेली नसते. केसाच्या मुळाशी जी बारीक नळी असते तिच्या तोंडाशी मृत पेशी आणि तेल साचून बूच बसतं. ते इतकं बारीक असतं की कित्येक आठवडे डोळ्याला दिसत नाही. मग त्याचा पांढरा दाणा होतो. तोंड उघडं राहिलं तर वरचा भाग काळा पडतो. तो काळेपणा म्हणजे मळ नव्हे. त्वचेतलं रंगद्रव्य आणि तेल हवेशी येऊन तसं दिसतं, त्यामुळे घासून जात नाही. आत जंतू वाढले, सूज आली, की लाल पुळी.

म्हणजे ज्या दिवशी एक पुळी दिसते त्या दिवशी कपाळावर न दिसणारी डझनभर बुचं आधीच बसलेली असतात. दिसेल त्या पुळीवर थेंब लावायचा आणि ती गेली की ट्यूब कपाटात टाकायची, हे मोरी तुंबल्यावर वर आलेलं पाणी पुसत बसण्यासारखं आहे. बहुतेक घरांत उपाय चुकीचा नसतो. तो चुकीच्या जागेवर आणि फार थोडे दिवस केलेला असतो. माझ्या मते निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच सुटतील.

आधी खात्री: हे मुरुमच आहेत ना?

त्वचेचे डॉक्टर एक साधी गोष्ट बघतात. कुठेतरी पांढरे किंवा काळे दाणे दिसतात का? चेहऱ्यावर एकही असा दाणा नसेल आणि नुसते लाल फोड असतील, तर दुसरं काही असण्याची शक्यता जास्त.

मोत्यासारखे गुळगुळीत दाणे, मधोमध बारीक खळगा: हा मोलस्कम नावाचा विषाणूसंसर्ग. शाळकरी मुलांत भरपूर दिसतो, खाजवल्याने आणि एकच टॉवेल वापरल्याने पसरतो. मुरुमांच्या औषधाने जात नाही. सगळे दाणे एकाच मापाचे, कपाळावर आणि पाठीवर, आणि खाज सुटलेली: ही बुरशीची भानगड असू शकते. घाम, दमट हवा आणि डोक्यातला कोंडा यांच्यासोबत ती येते. कोकणात, मुंबईत पावसाळाभर दिसते. तिला अँटिबायोटिक दिलं तर उलट वाढते, बुरशीविरोधी औषध लागतं. गालांवर आणि दंडावर काटा आल्यासारखी खरखर असेल तर ती कोरड्या त्वचेची घडण असते, घासायची नाही, मॉइश्चरायझर लावायचं. घामोळं तर आपण सगळेच ओळखतो. फक्त ते कपाळावर आलं की त्यालाच पिंपल्स म्हणतो.

आणखी एक विचारा: मुलाला कुठलं औषध चालू आहे का? क्षयावरचं आयसोनियाझिड, फिटसाठीचं फेनिटोइन, पोटातून घेतलेली स्टेरॉइड्स, यांनीही असे फोड उठतात. म्हणून ती औषधं मनाने बंद करायची नाहीत. लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घालायचं, एवढंच.

कुठे आलेत ते बघा

केसांच्या कडेने, कपाळाच्या वरच्या पट्ट्यात आणि कानशिलाजवळ दाणे दाटलेले असतील, तर पहिला संशय तेलावर. खोबरेल तेल केसाला चांगलं, पण कपाळावर उतरलं की छिद्रं बुजवतं. आपल्याकडे कित्येक शाळांत मुलींनी तेल लावून दोन घट्ट वेण्या घालून यायचं असतं. सकाळी चोपडलेलं तेल दुपारच्या उन्हात कपाळावर ओघळतं, त्याच हाताने घाम पुसला जातो, रात्री तेच डोकं उशीवर. उशीचा अभ्रा हुंगून बघा, कळेल.

यावरून घरात आजीशी वाद घालायची काही गरज नाही. तेल बंद करायचं नाही, वेळ बदलायची. न्हायच्या आधी तास-दोन तास लावायचं, केस मागे बांधायचे, नंतर शाम्पूने धुऊन टाकायचं. डोकं पुढे झुकवून न्हायलं की शाम्पू-कंडिशनर चेहऱ्यावरून वाहतो, म्हणून शेवटी चेहरा आणि मान पुन्हा एकदा पाण्याने धुवायची. शाळेच्या दिवशी वेणी वळायला हाताला पाणी लावलं तरी केस बसतात. फारच झालं तर एखादा थेंब केसांच्या टोकांना. कपाळावर येणारी झुलपं पिनेने मागे. अभ्रा आठवड्यातून दोनदा बदलायचा. आणि कोंडा असेल तर त्याचा उपाय वेगळा करायचा. 'कोंडा आहे म्हणून अजून तेल' हा घरगुती न्याय इथे उलटा पडतो, कारण कोंड्यामागची बुरशी तेलावरच जगते.

नाक, कपाळाचा मध्य, हनुवटी: हा वयाचा भाग. तेलग्रंथी तिथेच दाट असतात.

हनुवटीच्या कडेला, जबड्यावर एकाच रेषेत: सायकल, स्केटिंग किंवा क्रिकेटच्या हेल्मेटचा पट्टा बघा. तो कोणी कधी धुतलेला नसतो. हनुवटी तळहातावर टेकवून अभ्यास करायची सवयही बघा. पाठीवर आणि खांद्यांवर असतील तर घामाने भिजलेली नायलॉनची जर्सी आणि तिच्यावर घासणारं जड दप्तर. खेळून आल्यावर जर्सी आधी काढायची, अंघोळ मग कधी का होईना. तोंडाभोवती, नाकाच्या बाजूने बारीक लालसर पुरळ आणि गालांवर लाली असेल, तर खालचा भाग नीट वाचा.

ते क्रीम कोणतं होतं?

मेडिकलमध्ये बसून मला सगळ्यात जास्त धडकी कशाची भरते, तर याची. घरात कुणाला तरी गजकर्णासाठी किंवा खाजेसाठी आणलेली ट्यूब असते. त्यात स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीविरोधी औषध एकत्र असतं. 'सगळ्यावर चालतं' म्हणून ती मुलीच्या कपाळावर जाते. दोन दिवसांत लाली ओसरते, चेहरा उजळ दिसतो, म्हणून रोज लावली जाते. काही आठवड्यांनी एकाच मापाचे लाल फोड, लावणं थांबवलं की आग आणि भडका, म्हणून पुन्हा लावणं. जातात-येतात-जातात या चक्रामागे कित्येकदा हेच असतं. पुढे त्वचा पातळ होते, बारीक लाल रक्तवाहिन्या दिसायला लागतात, चेहऱ्यावर लव वाढते.

ट्यूब उलटी करून घटक वाचा. बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं काहीही असेल तर ते स्टेरॉइड. डाग घालवायच्या आणि गोरेपणाच्या काही ट्यूबांतही हेच निघतं. देशभरातल्या त्वचारोग ओपीडींत झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी मलमं लावत होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने यांतली बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ती कशी मिळतात हे मी माझ्या व्यवसायबंधूंना विचारायला हवं. विचारतेही, आणि मग आमचं आठवडाभर बोलणं बंद होतं.

मुलाला असं क्रीम बरेच दिवस लावलं गेलं असेल तर नंतरचा भडका घरी निस्तरत बसू नका. तो ओसरायला कधीकधी महिने लागतात, आणि त्या काळात 'परत थोडं लावूया' हा मोह फार होतो. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

रोजचं काय

सकाळी एकदा, रात्री एकदा, आणि खेळून घामाघूम आल्यावर. बस्स. चेहरा चार-चार वेळा धुतल्याने पुळ्या कमी होत नाहीत, त्वचा कोरडी पडून चुरचुरते, आणि मग जे औषध खरंच उपयोगाचं आहे तेच सहन होत नाही. साबणाची वडी अल्कधर्मी असते, त्वचा किंचित आम्लधर्मी. म्हणून सौम्य, साबणविरहित, वास नसलेलं क्लेन्झर बरं. बोटांनी लावायचं, साध्या पाण्याने धुवायचं, टॉवेलने टिपायचं. खरखरीत स्क्रब नको, घासणी नको, ब्रश नको.

त्यावर हलकं मॉइश्चरायझर. वेष्टनावर 'नॉन-कॉमेडोजेनिक', म्हणजे छिद्रं न बुजवणारं, असं लिहिलेलं बघायचं. तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर कशाला, असं वाटतं, पण औषध लावायचं असेल तर ते लागतंच. दिवसा सनस्क्रीन, जेलच्या प्रकारातलं. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर पुळी गेल्यावर मागे राहणारा काळा डाग उन्हाने आणखी गडद होतो, आणि मुलींची खरी तक्रार पुष्कळदा पुळीपेक्षा त्या डागाचीच असते. तो डाग म्हणजे व्रण नव्हे, हे त्यांना सांगा. काही महिने लागतात, पण जातो. फोडून-कुरतडून झालेला खड्डा मात्र जात नाही. नखं कापलेली ठेवा. ज्याचा हात सारखा तिकडे जातो त्याला पुळीवर चिकटवायची पारदर्शक पट्टी मिळते, ती चांगली. तिचा मोठा फायदा म्हणजे बोट तिथे पोचत नाही.

चार-दोन दाणे असतील तर एवढ्यावरच बरेच दिवस निभावतं. पुढे जायची वेळ आली तर बालरोगतज्ज्ञ किंवा त्वचारोगतज्ज्ञांना विचारून बेन्झॉइल पेरॉक्साइड हे जंतू मारणारं, वरून लावायचं औषध, ताकद २.५ टक्के. दहा टक्क्यांचं जास्त जोरदार असेल असं वाटतं, पण अभ्यासांत परिणाम जवळपास सारखाच निघाला, चुरचुर मात्र जास्त. आधी एक दिवसाआड. कातडी फारच हळवी असेल तर पाच-दहा मिनिटं ठेवून धुऊन टाकलं तरी चालतं. एक सूचना जी कोणी देत नाही: हे औषध कापडाचा रंग उडवतं. निळा युनिफॉर्म, नवा टॉवेल, रंगीत अभ्रा, सगळ्यावर पांढरे पट्टे पडतात. रात्री लावलं तर पांढरा अभ्रा घाला.

बुचंच बसू नयेत यासाठी जे औषध आहे ते अडापॅलिन. ते चिठ्ठीवरच घ्यायचं. अमेरिकेत अडापॅलिन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड यांचं एकत्र जेल नऊ वर्षांपासून पुढे मंजूर आहे. आपल्याकडे डॉक्टर वय आणि त्वचा बघून ठरवतात. रात्री, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, वाटाण्याएवढं घेऊन सगळ्या कपाळावर पातळ पसरायचं. नुसत्या पुळीवर ठिपका नको, कारण वर सांगितलं तेच: बुचं सगळीकडे आहेत. पहिले दोन-तीन आठवडे त्वचा सोलते, कधी पुळ्या थोड्या वाढल्यासारख्या वाटतात. नेमकी याच टप्प्यावर ट्यूब परत माझ्या काउंटरवर येते, 'ताई, हे सूट होत नाही' म्हणून. बहुतेक वेळा सूट होत असतं. फक्त रोजच्याऐवजी एक दिवसाआड लावायचं आणि आधी मॉइश्चरायझर लावायचं. खरी सूज, पाणी सुटणं, डोळ्यांभोवती लाली असं काही असेल तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा.

निकाल आठ ते बारा आठवड्यांनी बघायचा. त्याआधी रोज आरशात बघून काही कळत नाही, उगाच चिडचिड होते. पंधरा दिवसांनी एकदा, त्याच खिडकीशी, त्याच वेळी फोटो काढा. आणि चेहरा स्वच्छ झाला म्हणून एकदम बंद करू नका. किती दिवस आणि किती कमी प्रमाणात चालू ठेवायचं ते डॉक्टर सांगतात.

क्लिंडामायसिनसारखं अँटिबायोटिक जेल एकटंच महिनोन्महिने लावणं हेही पुन्हा येण्याचं एक कारण. जंतू सरावतात. ते द्यायचंच तर सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड असावं लागतं.

घरचे उपाय, रील्स आणि खाणं

बेसन पातळ कालवून लावलं, न घासता धुतलं, तर नुकसान नाही. सहाणेवर उगाळलेलं जायफळ-चंदन हळव्या त्वचेला झोंबू शकतं. झोंबलं की धुवा. लिंबाचा रस लावून मूल उन्हात गेलं तर भाजल्यासारखे काळे चट्टे पडतात, म्हणून तो नाहीच. टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, लसूण: नाही. वाफ घेतल्याने छिद्रं 'उघडत' नाहीत.

रील्समुळे नवीन एक तऱ्हा सुरू झाली आहे. दहा वर्षांच्या मुली रेटिनॉल, ग्लायकोलिक अॅसिड अशी नावं घेऊन सिरम मागतात. सुरकुत्यांसाठीची ती उत्पादनं या वयाला लागत नाहीत. त्यांनी चेहरा सोलून निघतो आणि मग आई विचारते की पुरळ कशाचं.

'अंगात उष्णता आहे', 'पोट साफ नाही', 'रक्त बिघडलंय' या तिन्ही निदानांवर सब्ज्यापासून काढ्यापर्यंत बरंच काही पाजलं जातं. सब्जा प्या, उन्हाळ्यात चांगलाच. मुरुमांशी त्याचा संबंध लावू नका. वडे-भज्यांचं तेल पोटातून चेहऱ्यावर येत नाही. त्यातल्या त्यात पुरावा आहे तो रक्तातली साखर झपाट्याने वाढवणाऱ्या पदार्थांबद्दल, म्हणजे मैद्याची बिस्किटं, शीतपेयं, पॅकबंद ज्यूस. दुधाबद्दलही काही पाहण्या आहेत, पण संबंध कमजोर आहे आणि वाढत्या मुलाचं दूध त्यासाठी तोडू नये. क्रिकेट-कबड्डीच्या शिबिरातून आलेली व्हे प्रोटीनची (दुधातल्या प्रथिनांची) भुकटी मात्र बंद करून बघायला हरकत नाही. या वयात तिची गरज तशीही नसते.

लग्नकार्यात हनुवटी धरून "अगंबाई, चेहऱ्याला काय झालं हिच्या?" म्हणणाऱ्या मावशी-आत्यांचं काय करायचं, याची ट्यूब निघालेली नाही. आईने मध्ये पडून विषय बदलायचा. घरातही रोज चेहरा न्याहाळून टिप्पणी नको. औषध लावणं मुलाच्याच हातात द्या. दात घासले की क्लेन्झर, मग क्रीम, दोन मिनिटांचं काम. मुलगे कंटाळतात, त्यांना तीन बाटल्या देऊ नका. एकच क्लेन्झर आणि एकच ट्यूब, तीही ब्रशशेजारी ठेवलेली, एवढंच निभतं.

डॉक्टरांकडे कधी

दुखणाऱ्या खोल गाठी, खड्डे पडायला लागणं, तीन महिने नीट लावूनही फरक नसणं, अचानक खूप प्रमाणात उठणं, स्टेरॉइड क्रीम लागलेलं असणं, किंवा मूल शाळेत जायला टाळाटाळ करू लागणं. यांतलं एकही असलं तरी वाट बघू नका. या वयात कपाळभर दाणे भरलेले असतील किंवा घरात आई-वडिलांना जोरात मुरुम येऊन गेले असतील तर लवकर दाखवा, कारण अशा मुलांत पुढे प्रमाण वाढण्याची शक्यता जास्त असते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी असते, तिथेही हे सगळं नीट बघतात.

जाताना घरातल्या सगळ्या ट्यूबा, बाटल्या, अर्धवट वापरलेलीसुद्धा, एका पिशवीत घालून न्या. केसाचं तेल, पावडर, आजीने मागच्या खोलीत लावलेलं जे काही असेल तेही. 'पांढऱ्या रंगाचं क्रीम होतं' एवढ्यावर डॉक्टरांना काही ओळखता येत नाही. फोटो मोबाइलमध्ये असू द्या. आणि डॉक्टरांनी विचारलं तर उत्तर मुलाला देऊ द्या, नेमकं काय आणि किती वेळा लावलं हे त्यालाच ठाऊक असतं.